मिलिंदच्यातलं आभाळ

मे महिन्यातली सकाळ. आभाळ घासूनपुसून पालथं घातलेल्या ताटासारखं लख्ख. माझी बायको वैशाली गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालून नुकतीच खाली आली होती. चहाचा पहिला घोट घेणार, इतक्यात शेजारच्या गॅलरीतून आरोळी आली, "वैशाली, पापड्या उचल गं! गडगडाय लागलंय!"

वैशाली कप तसाच ठेवून जिन्यानं वर पळाली. मीही मागोमाग. ओल्या पापड्या उचलायच्या नसतात हे दोघांनाही माहीत होतं, पण आरोळीच अशी होती की विचार करायला सवड नव्हती. प्लॅस्टिकसकट गुंडाळून आम्ही त्यांचा पार लगदा केला आणि मग वर बघितलं. आभाळात एक घार सोडली तर काहीसुद्धा नव्हतं.

"कुठं गडगडतंय, आक्का?"

गॅलरीत सुमनआक्का फोन कानाला लावून उभ्या होत्या. "मिलिंदच्यात," त्या म्हणाल्या.

मिलिंदच्यात म्हणजे मिलिंदच्या घरी. मिलिंद हा आक्कांचा एकुलता एक मुलगा, आणि त्याचं घर अमेरिकेत, फ्लोरिडातल्या ऑरलँडोत. आक्का राहतात बेळगावात, अनगोळला, आमच्या भिंतीला भिंत लागून. पण त्यांच्या डोक्यावर कायम दोन आभाळं असत आणि कुठलं कुठल्या गच्चीवरचं, याचा अधूनमधून घोळ होई. पापड्यांबद्दल त्यांनी माफी मागितली नाही. "तिकडं लई जोरात चाललंय," एवढंच म्हणाल्या, जणू त्यात आमचंही समाधान व्हावं.

आक्का मूळच्या निपाणीच्या. आई तंबाखूच्या वखारीत मजुरीला. त्या वखारीच्या दारात बसून अभ्यास करत आक्का शिकल्या आणि सरकारी दवाखान्यात नर्स झाल्या. नवरा लवकर गेला. रात्रपाळ्या करकरून मिलिंदला इंजिनिअर केलं. पुढं रिटायर झाल्या, पण दवाखाना काही त्यांच्या जिभेवरून उतरला नाही. ड्यूटी बदलताना एक नर्स दुसरीला पेशंटचा चार्ज देते, तसा त्या रोज सकाळी कुंपणापाशी मला हवामानाचा चार्ज देत.

"पहाटे बरं हाय. जेवणाच्या वक्ताला घाम सुटंल. मग जीव घाबराय लागंल. दुपारी एक मोठा झटका येणार. त्यातनं निभावलं तर सांजच्याला शांत."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी काळजीनं विचारलं, "कोण सिरियस आहे, आक्का?"

"कोण न्हाय रं. ऑरलँडो."

चांगलं काही होईल यावर त्यांचा विश्वासच नव्हता. "आजची रात काढली म्हंजे मिळवली," हे त्यांचं पेटंट वाक्य. लोणच्याच्या बरणीबद्दल तेच, आमच्या नव्या मिक्सरबद्दल तेच. गल्लीतल्या एका लग्नात नवरानवरी पाया पडायला वाकली, तर आक्कांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांच्या तोंडून तेच निघालं. नवरीची आई अजून त्यांच्याशी बोलत नाही. कुणी सहलीला निघालं की आक्कांना कळू नये म्हणून गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करायचा रिवाज पडला होता. एकदा आम्ही आंबोलीला निघालो, तर त्यांनी खिडकीतून हात आत घालून मलमपट्टीचं सामान दिलं. वाटभर कुणी गाणंसुद्धा म्हटलं नाही.

अशा आक्कांना मिलिंदनं तिकडं बोलावलं. ऑगस्टच्या शेवटी. त्या गावात मोठमोठी करमणुकीची पार्कं आहेत; पाळणे, घसरगुंड्या, बोलते पुतळे. तिकडच्या शाळा तोवर सुरू झालेल्या असतात, म्हणून गर्दी कमी आणि तिकिटं स्वस्त. नातवंडांना शाळेतून सुट्टी काढून सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं.

"गर्दी कमी का असती म्हाईत हाय?" आक्का मला म्हणाल्या. "हवा वंगाळ असती म्हणून. शहाणी माणसं जात न्हाईत त्या दिवसांत."

पण चेहरा फुलला होता. महिनाभर तयारी चालली. दोन रेनकोट, पाय ओले होणार म्हणून जादा चपला, मांड्या घासतील म्हणून पावडर, उन्हानं चक्कर येईल म्हणून साखर-मिठाच्या पुड्या. नायलॉनची दोरी कशाला, ते मी विचारलं नाही. सगळ्यांत वर नातवंडांसाठी कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावी खव्याच्या मिठाईचा डबा. सांबऱ्याच्या विमानतळावर सोडायला मीच गेलो. आत जाताना वळून म्हणाल्या, "गॅस बंद केलाय न्हवं मी?" आणि उत्तर न ऐकता गेल्या.

परतल्या तेव्हा बेळगावात आमचा नेहमीचा पाऊस चालू होता; जोर नाही, आवाज नाही, नुसती आठवडाभर झिरपणारी ओल. भिंतींना पोपडे, कपड्यांना कुबट वास. आक्का वाळल्या होत्या. गल्लीतल्या बायका ऐकायला जमल्या.

"कसं होतं, आक्का?"

"उकाडा. आंघोळ करून अंग पुसायचं राहिलंय, असं दिसभर वाटतंय."

"आणि पार्क?"

"मोठं हाय," आक्का म्हणाल्या आणि कुंद्याचा रिकामा डबा घासायला आत गेल्या. बायका चहा न पिताच परतल्या.

त्यानंतर चार्ज चालू राहिला, पण त्यात एक विचित्र फरक पडला. तिकडं वादळ असलं की आक्का खुशीत असत आणि स्वच्छ ऊन असलं की गप्प. मी वैशालीला म्हटलं, आक्कांचं डोकं जरा फिरलंय. ती म्हणाली, आधी सरळ होतं वाटतं?

यंदा ऑगस्टमध्ये माझी भाची स्नेहल कंग्राळीहून आली. तिचा नवरा कंपनीच्या कामानं अमेरिकेत असतो. ती सासूबाईंना घेऊन तिकडं निघाली होती आणि शेवटच्या आठवड्यात त्याच पार्कला जायचं ठरलं होतं. "मामा, हवा कशी असती म्हणं त्या वक्ताला? काय काय घेऊन जाऊ?"

मी म्हटलं, गावातला सगळ्यात मोठा जाणकार भिंतीपलीकडं आहे, आणि तिला आक्कांकडं घेऊन गेलो. बाहेर झिमझिम चालू होती. आक्कांनी घरात दोरी बांधून कपडे वाळत घातले होते. त्या ओल्या लुगड्यांखालून वाकून आम्ही आत जाऊन बसलो.

आक्कांनी सुरुवात जोरात केली. सकाळी दार उघडायच्या आधी पोहोचा, ऊन चढलं की जीव नको होतोय, पाणी पीत राहा. दुपारी ढग भरणार, वीज होणार. वीज दिसली की ते उंच पाळणे बंद करत्यात. तास-दोन तासांत मोकळं होतंय, मग जमिनीतनं वाफा निघत्यात. रेनकोट इथनंच न्या, तिकडं पिवळं कागदासारखं काहीतरी देत्यात आणि गळ्यात फाटतंय.

"आणि संगं कोण कोण हाय तुझ्या?"

"आम्ही दोघं आणि सासूबाई. त्या पहिल्यांदाच विमानात बसणार."

आक्का एकदम थांबल्या. "पाळण्यात बसतील व्हय त्या?"

"छ्या! त्यांना एस्टीत सुद्धा मळमळतंय."

"मग पाऊस यावा," आक्का म्हणाल्या.

स्नेहल हसली. आक्का हसल्या नाहीत. साडीचा पदर बोटाला गुंडाळत त्या, गल्लीतल्या बायकांना जे सांगितलं नव्हतं, ते हलक्या आवाजात सांगू लागल्या.

"पहिले दोन दिवस आभाळ कोरडं ठणठणीत होतं बघ. पोरं ह्या पाळण्यावरनं त्या पाळण्यावर. त्यांच्या मागं सून, मिलिंद. मी बाकावर पिशव्या राखत बसलते. मिलिंद मधीच यायचा, पाण्याची बाटली द्यायचा, 'आई, बरी हाईस न्हवं?' म्हणायचा आणि पळायचा. त्याचं तरी काय चुकलं? एवढे पैसे भरलेले. पोरांना मराठी येत न्हाय, मला त्यांचं इंग्लिश कळत न्हाय. तिथं बसून मी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघितले नुसते.

"तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ काळं झालं. काय वीज ती! सगळे पाळणे बंद. आम्ही पाचजण एका दुकानाच्या छपराखाली अडकलो. धाकटी नात आर्या, तिला विजेचं भ्या. ती येऊन माझ्या मांडीवरच बसली. मी थोपटत बसले, दवाखान्यात बारक्या पेशंटला थोपटायची तशी. थोपटायला कुठली भाषा लागतीया? तेवढ्यात मिलिंद पोरांना अर्धं इंग्लिशात, अर्धं मराठीत सांगाय लागला, मी लहान असताना असा पाऊस आला की तुमची आज्जी ड्यूटीवरनं कशी भिजून यायची, आणि मी कसा दार उघडायला उभा असायचो. मला वाटलं हुतं, इसरलाय तो. सगळं ध्यानात हुतं त्याच्या. सूनबाई पण खाली फरशीवर येऊन बसली. कुंद्याचा डबा उघडला. सगळ्यांनी हातानं खाल्ला."

"मग?" स्नेहलनं विचारलं.

"मग उघडलं," आक्का म्हणाल्या. "आर्या मांडीवरनं उठली आणि पळाली."

गॅलरीच्या पत्र्यावर थेंब वाजत होते. मला एवढे दिवस वाटत होतं की ही बाई वादळाची वाट बघते म्हणजे तिचं डोकं फिरलंय, नाहीतर तिला माणसांच्या मजेचा हेवा वाटतो. मी ओशाळून फरशीकडं बघत राहिलो.

स्नेहलनं हळूच विचारलं, "आणि आक्का, आमच्या वक्ताला पाऊस न्हाय आला तर?"

आक्कांनी विचार केला. पहिल्यांदाच त्यांच्याकडं अंदाज तयार नव्हता.

"तर मग एखादा पाळणा सोड की गं," त्या म्हणाल्या. "एकच. आणि सासूजवळ जाऊन बस."

स्नेहल गेली. ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी तिचा फोटो माझ्या फोनवर आला. रंगीबेरंगी छत्रीखाली एक बाक, बाकावर नऊवारीतल्या सासूबाई, डोक्यावर कसली तरी उंदराच्या कानांची टोपी, आणि त्यांना खेटून स्नेहल. दोघींच्या हातात आइस्क्रीम. मागं उंच पाळणा, आणि त्याच्याही मागं निळं, निखळ आभाळ. पाऊस आला नव्हता.

मी फोटो घेऊन आक्कांकडं गेलो. चष्मा लावून त्यांनी तो बघितला, दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, परत मोठा केला.

"मला धाड हा," त्या म्हणाल्या.

मी धाडला. त्यांनी माझ्या देखत तो मिलिंदला पुढं पाठवला. खाली काही लिहिलं नाही. लिहिण्यासाठी बोट फोनवर टेकवलं होतं, पण मग उचललं. तिकडं रात्र झाली होती, पण मिलिंद जागा होता. उत्तर लगेच आलं. आक्कांनी वाचलं आणि फोन माझ्यापुढं धरला.

"मस्त हवा आहे की गं आई. इथं आज दिवसभर असंच क्लिअर होतं."

बाकावरच्या दोघींबद्दल एक शब्द नव्हता. आक्कांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "हवा मस्तच हाय." आणि कपडे वाळलेत का बघायला उठल्या. ते वाळलेले नव्हते.