किसननानांची कोरी सरी

आमच्या ओतूरमध्ये किसननानांच्या देखत कुणी "मला गुण आला" असं म्हणत नाही. म्हटलं की तो माणूस संपला. मागे एकदा एक गृहस्थ माझ्या मेडिकलच्या पायरीवर बसून एका तेलाचं कौतुक करत होते. गुडघे धरले होते, जिना चढवत नव्हता, पण तेल चोळलं आणि आता बघा, असं म्हणत त्यांनी धोतर सरकवून गुडघाच उघडा केला. चारपाच गिऱ्हाइकं गोळा झाली. तेल माझ्याच दुकानातलं, त्यामुळे मीही कौतुकानं मान डोलावत होते. तेवढ्यात नाना पुढे सरकले.

"कंच्या गुडघ्याला लावलं, पावणं?"

"उजव्या."

"आन् दुखत कंचा व्हता?"

"दोनी दुखत व्हते. पन बाटली बारकी, म्हनून उजव्यालाच लावलं."

"मंग डाव्याचं काय झालं?"

गृहस्थांनी डावा पाय लांब केला, दुमडला, परत लांब केला. मग उभं राहून दोन उठाबशाही काढल्या. "आयला," ते म्हणाले, "त्योबी मोकळा झालाय की राव!"

जमलेली गिऱ्हाइकं हसत हसत पांगली. तेलाच्या उरलेल्या बाटल्या अजून माझ्या वरच्या फळीवर आहेत. मी त्यांच्यावरची धूळसुद्धा पुसत नाही, कारण पुसताना नानांचा राग येतो.

नाना माझे शेजारी. उंच, सडपातळ, डोक्यावर टोपी, आणि गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला मोबाइल. सकाळचं शेतातलं काम उरकलं की ते माझ्या दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसतात आणि जगात कुठे कुठल्या रोगावर काय संशोधन झालं ते वाचतात. मूळ मजकूर इंग्रजी असतो. मोबाइल त्याचं मराठी करून देतो, आणि ते मराठी वाचून मला ताप येतो. नाना मात्र ओळीवर बोट ठेवून, प्रत्येक शब्द दोनदा म्हणत, सगळं समजून घेतात. मग आल्या-गेल्या गिऱ्हाइकाला थांबवून सांगतात. सर्दीसाठी अँटिबायोटिक मागायला आलेल्या माणसाला त्यांनी "आल्याचा चहा पी, आठवड्यात बरा व्हशील, न्हाई पिला तरी व्हशील" असं सांगून माघारी धाडलं आहे. खोटं कशाला बोलू, त्यांचा बाक उचलून दुसरीकडे नेऊन टाकावा, असं मला बऱ्याचदा वाटतं.

त्यांच्या ज्ञानाचा उपयोग कधी होतो, कधी अंगाशी येतो. लोणीचे त्यांचे साडू न्यूमोनियानं आयसीयूत होते. म्हातारा माणूस, चार भिंतींत दिवस-रात्र कळेना. नर्सला बायकोच्या नावानं हाका मारायचे आणि म्हशीची धार काढायला जायचंय म्हणून उठू बघायचे. नानांनी वाचलं होतं की म्हाताऱ्या माणसाला आयसीयूत चष्मा आणि कानातलं यंत्र दिलं, वार-तारीख सांगत राहिलं, तर भ्रम कमी होतो. त्यांनी साडूंच्या घरून दोन्ही वस्तू आणवल्या, नर्सची परवानगी घेतली, स्वतःच्या हातानं चष्मा चढवला, यंत्र बसवलं आणि कानाशी जाऊन म्हणाले, "आज बुधवार हाय. तुमी दवाखान्यात हायेत. म्हस बरी हाय." साडूंनी चष्म्यातून त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "ह्या मानसाला आत कुनी सोडला?" पेशंट शुद्धीवर आला म्हणून नर्सला आनंद झाला.

च्युइंगमचं प्रकरण मात्र जमलं नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर च्युइंगम चघळलं की आतडी लवकर हलायला लागतात, असं नानांच्या वाचनात आलं. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बापूंचं तसलंच ऑपरेशन झालं होतं. नानांनी डॉक्टरांना न विचारता त्यांना च्युइंगम नेऊन दिलं. बापूंची कवळी नवी होती. ती वरखाली चिकटून बसली आणि तोंडातून निघेना. बापूंच्या घरचे अजूनही नानांना बघून वाट बदलतात. "सर्जनला इचाराया पायजे व्हतं," नाना मान्य करतात, "आन् दात खरे हायेत का, तेबी बघाया पायजे व्हतं."

औषधांचं हे खूळ त्यांना आधी नव्हतं. आधी होतं ते कोऱ्या सरीचं. टोमॅटोवर नवीन फवारणी आली की सगळे पूर्ण प्लॉट मारून मोकळे होतात. नाना एक सरी तशीच सोडतात. औषध नाही, टॉनिक नाही, काही नाही. तोडा झाला की फवारलेल्या सरीशेजारी उभे राहून दोन्हींकडे बघत बसतात. बऱ्याचदा कोऱ्या सरीवर करपा पडतो, कधीकधी मात्र दोन्ही सऱ्या सारख्याच निघतात, आणि मग नाना औषध विकणाऱ्याच्या दुकानात जाऊन त्याला तसं सगळ्यांसमोर सांगतात. त्यांच्या बायकोला, सिंधूकाकूंना, ही रीत कधीच पटली नाही. "येवढं लेकरावानी वाढवायचं आन् एकाला उपाशी ठेवायचं," असं त्या म्हणायच्या.

मग काकूंनाच स्तनाचा कॅन्सर निघाला. पुण्याला ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशनचा शेक दिला. त्या सगळ्या काळात नाना वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून असायचे. एकदा तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं की पूर्वी अशा ऑपरेशनात काखेतल्या गाठी सरसकट काढायचे, आता काकूंसारख्या पुष्कळ जणींना त्याची गरज पडत नाही. नानांनी विचारलं, हे कसं कळलं? बाई म्हणाल्या, बायकांचे दोन गट केले, एकीकडे सगळ्या गाठी काढल्या, एकीकडे नाही, आणि वाट पाहिली.

"म्हंजे तुमीबी सरी कोरी ठिवता?" नानांनी विचारलं. त्या दिवसापासून ते वाचायला लागले. मला वाटतं, तिथे बसून बसून त्यांना कशाला तरी धरून राहायचं होतं.

काकू बऱ्या झाल्या. केस परत आले, रंग परत आला. फक्त रोज एक गोळी घ्यायची, काही वर्षं, म्हणजे आजार उलटायचा धोका कमी होतो. ती गोळी माझ्याच दुकानातून जायची. गोळीचा त्रास एकच, सांधे धरतात. काकूंची बोटं सकाळी मिटली की उघडायची नाहीत. भाकरी थापता येईना, नळ सोडता येईना. एकदा नवीन पाकीट न्यायची वेळ टळून गेली तरी कुणी आलं नाही, म्हणून मी काकूंना रस्त्यातच गाठलं.

"मला न्हाई पायजे ती गोळी," त्या म्हणाल्या. "आजार गेला ना? मंग आता हात तरी ऱ्हाऊ दे माजे."

नानांनी त्यांना काय काय वाचून दाखवलं. गोळी सोडलेल्यांचं काय होतं, घेतलेल्यांचं काय होतं. काकू ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या त्या मोबाइलला बोटं हायेत का?" नाना मोबाइल परत पिशवीत घालायचे. बाकावर यायचे, पण गिऱ्हाइकांना थांबवायचे नाहीत. माझा धंदा वाढला आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

अशातच डॉक्टरीणबाईंचा फोन आला. या गोळीनं सांधे दुखणाऱ्या बायकांना अॅक्युपंक्चरनं आराम पडतो का, याचा त्यांच्याकडे अभ्यास चालू होता. काकूंनी यावं, ऐकावं, पटलं तर भाग घ्यावा. काकू मला म्हणाल्या, "पोरी, तूबी चल. हे तितं प्रश्न इचारू इचारू डॉक्टरला आजारी पाडतील." मी दुकान बंद ठेवून गेले.

बाईंनी शांतपणे समजावलं. निम्म्या बायकांना खऱ्या सुया, ठरलेल्या जागी. निम्म्यांना नुसत्या टेकवायच्या, आत न जाणाऱ्या. कोण कुठे, ते कॉम्प्युटर ठरवणार. सुया लावणाऱ्याला तेवढं ठाऊक, तो बोलणार नाही. पेशंटला अभ्यास संपल्यावरच सांगणार. मी नानांकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस आनंदानं उभा राहील. जन्मभर जे सांगत आले ते यांच्यासमोर टेबलावर मांडलं होतं.

नानांनी टोपी काढून हातात घेतली. "मॅडम," ते म्हणाले, "येक इनंती हाय. हिला खऱ्या सुयांत घाला."

"नाना, ते माझ्या हातात नाही."

"मंग त्यो कॉम्प्युटर कुनाच्या हातात हाय? मी त्या सायबांशी बोलतो. आमी टमाटी पिकवतो, येक क्रेट आनून दितो."

"नाना, खऱ्या सुयांनी फरक पडतो की नाही, तेच तर आम्हाला माहीत नाही. म्हणून तर अभ्यास."

"त्ये मला कळतं," नाना म्हणाले. "मला समदं कळतंय, मॅडम. तरीबी घाला."

बाईंना हसू आलं होतं, पण नानांचा चेहरा बघून त्या थांबल्या. हसल्या त्या काकू. पदर तोंडाला लावून चांगल्या खदखदून हसल्या. "टमाट्याची सरी उपाशी ठिवताना न्हाई कंदी डोळ्याला पानी आलं," त्या म्हणाल्या. "आवो, कुनीतरी त्या सरीत बसनारच की. तीबी कुनाची तरी बायकोच आसंल. लिवा वो माजं नाव, बाई. आन् सुया चालू हायेत तवर गोळीबी घीन मी. न्हाई जमलं तर तवाचं तवा बघू."

परतीच्या एसटीनं पेठला चहासाठी थांबा घेतला. काकू गाडीतच झोपल्या होत्या. नानांनी चहा घेतला आणि तो निवेपर्यंत हातात धरून उभे राहिले.

"ताई," ते म्हणाले, "सरी जळाली तर टमाटी जात्यात. दुसरी लावता येत्यात." मग त्यांनी खिडकीतून झोपलेल्या काकूंकडे बघितलं. इतकी वर्षं हा माणूस माझं गिऱ्हाईक पळवतो म्हणून मी कुरकुरत होते, आणि त्या क्षणी मला त्यांच्याविषयी इतकी माया दाटून आली की मी नुसती त्यांच्या हातातला गार चहा घेऊन दुसरा आणायला गेले.

मग ठरलेल्या दिवशी दोघं पुण्याला जाऊन यायला लागले. पहिल्या काही खेपांना काहीच फरक नव्हता. नंतर एकदा काकूंनी नळ स्वतः सोडला. नंतर भाकऱ्या लागल्या थापायला, आधी जाड, मग बऱ्या. गोळी चालू राहिली. सुया खऱ्या होत्या की खोट्या, की नुसत्या दिवसांनीच बोटं सुटली, ते अजून कुणालाच ठाऊक नाही. मी नानांना विचारलं तर म्हणाले, "आब्यास संपू द्या. घाई केली की चुकतं." पण बाकावर बसून ते परत गिऱ्हाइकं अडवू लागले होते, आणि कालच त्यांनी माझं एक महागडं टॉनिक बुडवलं.

आज सकाळी मी गोळ्यांचं पाकीट द्यायला त्यांच्या घरी गेले. काकू ओट्यावर मटार सोलत होत्या. दोन्ही हातांनी, झरझर. शेंग दाबली की दाणे ताटात, टरफल बाजूला. मी बघतच राहिले. काकूंनी मूठ मिटून उघडून दाखवली. त्यांचे केस मोकळे होते, केमोनंतर आलेले, मऊ, खांद्याच्या जरा खाली. "बोटं आखडल्यापास्नं येनी हेच घालत्यात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पयल्यांदा कांद्याच्या गोनीला मारावी तशी गाठ मारायचे. आता जमतीया."

तेवढ्यात आतून नाना आले. एका हातात फणी, दुसऱ्या हातात तेलाची वाटी. मला बघून जरा लाजले.

"बोटं कशी हायेत आज?" त्यांनी काकूंना विचारलं. "बरी आसली तर घाल तुजी तू. मला टमाट्याला पानी धराया जायाचंय." असं म्हणाले खरे, पण पाय काही हलवला नाही.

काकूंनी मटाराचं ताट हळूच माझ्या मांडीवर सरकवलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"न्हाई वो," त्या म्हणाल्या, "आज लईच आखडल्यात." आणि त्यांच्याकडे पाठ करून बसल्या.

नाना मागच्या पायरीवर टेकले. मी मान खाली घालून मटार सोलायला लागले. मागून नानांचा आवाज आला, "हळू वढतो. दुखलं तर सांग."