पाटी दाखवा

आमचे साडू माणिकराव ‘पाटी दाखवा’ म्हटल्याशिवाय जगात कुणाचंच ऐकत नाहीत. लग्नाच्या पंगतीत कुणी म्हणालं, “काका, ही रांग व्याह्यांची आहे,” की हे ताटावरून मान न उचलता विचारणार, “पाटी कुठंय?” दवाखान्यात कंपाउंडर म्हणाला, “चप्पल बाहर निकालो साब,” तर हे बाहेर जाऊन सगळी भिंत न्याहाळून परत येणार. “बोर्ड बता मियाँ, अब्बी निकालतुं.” बोर्ड सापडला तर मात्र चपला देवळात काढाव्यात तशा काढतील. माणूस कायद्याला भितो. तोंडी कायद्याला भीत नाही.

त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, अक्का. ओला टॉवेल पलंगावर टाकू नका, हे सांगून सांगून ती थकली. शेवटी तिनं एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘येथे ओला टॉवेल टाकू नये’, आणि पलंगाच्या डोक्याशी टांगलं. माणिकरावांनी चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाले, “दमट चालेल का, ते यात स्पष्ट नाही.”

माझं त्यांच्याशी वैर नाही. मत्सर आहे. दोन बहिणी दोन घरांत दिल्या की दोन नवरे आपोआप एका तराजूत बसतात, आणि माझं पारडं पहिल्यापासून हवेत. माणिकरावांची नोकरी मोठी, मलकपेठेतलं घर स्वतःचं, डोक्यावर केससुद्धा माझ्याहून जास्त. एकच मान माझा होता. आमच्या गोतावळ्यात किस्से सांगावेत तर मीच. बारसं असो की तेरावं, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणायचंच, “अशोकराव, होऊन जाऊ द्या.”

तोही मान एका चालानानं घालवला.

झालं असं. अक्का लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेली आणि नातवाच्या पायात अडकून, मुदत वाढवून, तिथंच राहिली. एकदा तिनं मेतकूट आणि बाळाला झबली मागवली. आम्ही दोघं साडू कोठीच्या बाजारात गेलो आणि स्कूटरी शेजारी शेजारी लावल्या. परत येऊन बघतो तो दोघांच्या मोबाइलवर चालान! नो पार्किंग, फोटोसकट. फोटोत माझी स्कूटरसुद्धा ओशाळलेली दिसत होती.

मी घरी पोचायच्या आत दंड भरून टाकला. माणिकराव तिथंच थांबले. “पाटी दाखवा,” ते रस्त्याला म्हणाले.

पाटी होती. पण एकाच बोल्टवर लटकलेली. समोरच्या चहावाल्याकडे बसून माणिकरावांनी शोध लावला की शेजारून बस गेली की पाटी गर्रकन फिरते आणि बाण या बाजूचा त्या बाजूला होतो. म्हणजे आम्ही गाडी लावली तेव्हा पार्किंग, झबली घेतली तेव्हा नो पार्किंग. “हा बाण आहे का घड्याळाचा काटा?” असं म्हणत त्यांनी मोबाइलवर शूटिंग केलं आणि ट्रॅफिकच्या कचेरीत अर्ज ठोकला.

झालं! घरात दुसरा विषय नाही. “दाजी लढताहेत,” माझी बायको सगळ्यांना सांगायची. मग माझ्याकडे बघून, “आणि हे बघा. भरून मोकळे!” वाढदिवसाला, सत्यनारायणाला, जेवणं झाली की लोक आता माणिकरावांभोवती खुर्च्या ओढायचे. साहेबांनी पाटीची फाइल मागवली. फाइलवाला रजेवर गेला. पाटी कुणाच्या खात्यातली यावर दोन खात्यांत जुंपली. दर खेपेला नवा प्रसंग. मी एकदा माझा ठेवणीतला किस्सा सुरू केला, तर माझी सख्खी मुलगी म्हणाली, “पप्पा, एक मिनिट हां. बोल्टचं काय झालं मोठे काका?”

महिन्यामागून महिने गेले, तरी बोल्ट काही बसेना.

परवा सकाळी कोठीला माझं काम निघालं. सहज मान वर केली. पाटीला दोन नवेकोरे बोल्ट, ताजा रंग, बाण काठीसारखा सरळ. आदल्याच रविवारी माणिकराव सांगत होते की बोल्ट मंजूर व्हायला अजून वरची सही बाकी आहे!

मी चहावाल्याला विचारलं. तो हसला. “वो तो कबका खतम हो गया साब. दुसरी बारीच साहेब खुद आको देखे, बोल्ट लगवाए, चालान माफ करे. आपके साडू उस दिन सबको चाय पिलाए.”

खरं सांगतो, इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. माणिकराव थापा मारत होते! मी स्कूटर मलकपेठेकडे वळवली. आधी त्यांच्या तोंडावर, मग बायकोसमोर, मग सत्यनारायणाला. वाक्यं वाटेतच जुळवून ठेवली.

दार लोटलेलंच होतं. आत माणिकराव तांब्याला मोबाइल टेकवून बसले होते. व्हिडिओवर अक्का. पूर्वी त्यांचा हा सकाळचा फोन मी पुष्कळदा ऐकला होता. “नाश्ता झाला?” “झाला.” “गोळी?” “घेतली.” “बरं, ठेवू?” “ठेव.” चहा निवायच्या आत संपायचा.

आज अक्का डोळ्यांना पदर लावून हसत होती. “मग तो फाइलवाला काय म्हणाला?”

“तो म्हणतो, बोल्ट आमचा, पण भोक त्यांचं!”

मी दारातच उभा राहिलो. मागं पलंग दिसत होता. डोक्याशी अक्काचा पुठ्ठा, खाली चादरीला एक सुरकुती नाही. टॉवेल बाहेर गॅलरीत दोरीवर, चारी टोकं ताणून वाळत घातलेला.

अक्कानं मला पाहिलं. “अगंबाई, अशोकराव! बरे आलात. तुम्ही तरी खरं सांगा. एका पाटीला का इतके दिवस लागतात? का हे मला बनवताहेत?”

माणिकरावांचा हात तांब्यावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातातल्या, कोठीच्या दुकानाचं नाव असलेल्या पिशवीकडे पाहिलं.

वाटेत जुळवलेली वाक्यं ओठावर होती. एकच टाकायचं होतं.

“अक्का,” मी म्हणालो, “आत्ता तिथूनच येतोय. घोळ झालाय. जुने साहेब बदलून गेले. नवे म्हणतात, मला पहिल्यापासून सांगा.”

“अरे देवा! पहिल्यापासून?” अक्का खूश होऊन म्हणाली. “थांबा हं, बाळाला मांडीवर घेऊन बसते.”

तासाभरानं फोन संपला. माणिकरावांनी चहा केला. घरी गेल्यावर बायको विचारणार, दाजींचं काय झालं, आणि माझं पारडं पुन्हा हवेत जाणार, हे मला दिसत होतं. शिवाय खरी जळजळ ही की ‘भोक त्यांचं’ हे मला कधी सुचलं नसतं.

ते जिन्यापर्यंत पोचवायला आले. मी दोन पायऱ्या उतरलो तेव्हा मागून आवाज आला, “अशोकराव, हे नवे साहेब... स्वभावानं कसे आहेत?”

“कडक आहेत,” मी म्हणालो. “लवकर ऐकायचे नाहीत.”

“बरं झालं,” माणिकराव म्हणाले.