अकरा दरवाजांचं उद्यान

हरिहर सोहोनी यांच्या पत्नी हेमा यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलण्यात आली, आणि रोज अर्धा तास सपाट जागेवर चालायचं, नाहीतर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. सपाट जागा हे शब्द डॉक्टरांनी अगदी सहज लिहिले. ते आमच्या बाजूला राहत नसावेत. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठलंही स्टेशन धरा, पूर्वेला उतरा आणि सपाट जागा शोधून दाखवा. सोहोनींच्या इमारतीसमोरचा रस्ता काँक्रिटसाठी खणलेला, फुटपाथवर स्कूटरी, आणि घरात हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत चौदा पावलं, त्यात मध्ये फ्रिज.

तशी सपाट जागा होती. इमारतीच्या पाठीलाच महापालिकेचं उद्यान होतं. चालायला लाल रबरी पट्टा, दोन झोके, हिरवळ, सगळं चार वर्षांपासून तयार. फक्त लोकार्पण राहिलं होतं, म्हणून गेटला कुलूप होतं. अर्थात लोक आत जातच होते. मागच्या भिंतीला कुणीतरी भगदाड पाडलं होतं. इमारतीखाली पालेभाजी विकणारी गोदूबाई रोज संध्याकाळी दोन्ही नातवंडांना त्याच वाटेने झोक्यावर न्यायची. हेमाताईंना मात्र ते जमेना. भगदाडातून जायला पाय गुडघ्याइतका उचलावा लागे, आणि गुडघा तर नवा कोरा.

तेव्हा हरिहररावांनी गेट उघडण्यासाठी अर्ज केला. ते विमा कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. अर्ज कसा करायचा, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. नेमकं त्याच वर्षी महापालिकेने सुधारणा हाती घेतली होती. तिचं नाव 'कामगिरीनिष्ठ अर्थसंकल्प'. म्हणजे करमणुकीच्या ज्या ठिकाणी नागरिक जातील, त्या ठिकाणाला निधी. जिथे जाणार नाहीत, तिथे छदामही नाही. ऐकायला किती छान. ऐकायला छान नसलेली सुधारणा मी तरी अजून पाहिलेली नाही.

उद्यान अधीक्षक कमलेश आठ दिवस दोन मोजणीदार घेऊन बसला आणि तक्ता घेऊन सोहोनींच्या घरी आला.

"काका, तुमच्या मेन गेटचा परफॉर्मन्स बघा. आठ दिवसांत एकही माणूस आत गेलेला नाही."

"अहो, गेटला कुलूप आहे."

"कारणं सगळ्यांकडेच असतात, काका. आकडा शून्य आहे. आता हे भगदाड बघा. दिवसाला तीनशे बारा. ना स्टाफ, ना जाहिरात. वरचे साहेब एकदम खूश झालेत."

"मग गेट उघडणार की नाही?"

"नापास झालेल्या गेटवर पैसा घालायचा? नागरिकांचा पैसा आहे, काका. भगदाड मंजूर झालंय."

आणि खरोखरच मंजूर झालं. भगदाडाच्या दातेरी कडा गुळगुळीत झाल्या, पुढे उतार बांधला, उताराला स्टीलचा कठडा आला. हेमाताई काठी टेकत त्या उतारावरून आत गेल्या आणि तीन दिवस सकाळी चालल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा पाय पंचवीस मिनिटं दुखला नाही. घरी येऊन त्या सोफ्यावर बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. हरिहररावांना वाटलं टाका उसवला. "अहो, काही नाही," त्या म्हणाल्या, "बरं वाटतंय, एवढंच."

चौथ्या दिवशी उताराला कमान आली, कमानीत दरवाजा आला आणि दरवाजाला कुलूप आलं. बाहेर खुर्चीवर एक रखवालदारही आला.

हरिहरराव तडक कमलेशकडे गेले. कमलेशने त्यांना चहा पाजला आणि समजावलं. भगदाड होतं तोवर ते कुणाचंच नव्हतं, त्यामुळे त्यातून जायला हरकत नव्हती. आता ती महापालिकेची मालमत्ता झाली. लोकार्पणाआधी मालमत्ता वापरली, तर त्याची नोकरी जाईल.

"मग लोकार्पण कधी?"

"ते वरून ठरतं."

लोकांनी काय केलं? दहा फुटांवर दुसरं भगदाड पाडलं. गोदूबाईने हेमाताईंना दोन्ही काखांत धरून पलीकडे उतरवलं. "वैनी, घाबरू नका, मी हाय ना," ती म्हणाली. पंधरवड्याने मोजणीदार आले, दुसरं भगदाड पास झालं, उतार, कमान, दरवाजा, कुलूप, रखवालदार. मग तिसरं. पाचव्या भगदाडाच्या वेळी गोदूबाईने मोजणीदारांना आपल्याकडची कोथिंबीर फुकट दिली आणि आकडा कमी लिहा म्हणून हात जोडले. त्यांनी कोथिंबीर घेतली. आकडा खरा लिहिला. भ्रष्टाचार अगदी बंद झाला होता, हे इथे नमूद करायला हवं.

मार्च उजाडला तेव्हा उद्यानाला अकरा दरवाजे होते आणि भिंत जवळजवळ उरलीच नव्हती. नव्या भगदाडाला जागा राहिली नाही. अकरा रखवालदार उन्हाचे आत जाऊन बसत, दोघे झोक्यावर, बाकीचे हिरवळीवर पत्ते कुटत. अर्थसंकल्पात त्यांची 'नियमित लाभार्थी' म्हणून नोंद झाली आणि उद्यानाने उद्दिष्ट पूर्ण केलं. ठाण्याहून दोन अधिकारी अभ्यासदौऱ्यावर येऊन कमानींसमोर फोटो काढून गेले.

हेमाताईंचा पाय मात्र आखडायला लागला. ठाण्यात माजिवड्याला राहणाऱ्या मुलीने फोन केला, "आई, इकडे ये, आमच्या कॉम्प्लेक्सला चालायला ट्रॅक आहे." हेमाताई गेल्या आणि आठ दिवसांत परत आल्या. तिथे पाहुण्यांना ट्रॅकवर जायचं तर आदल्या दिवशी ॲपवर नाव नोंदवावं लागे. रात्री कूस बदलताना त्या कण्हत आणि हरिहरराव जागे राहत. त्या माणसाचा जीव तुटत होता, हे मी स्पष्टच सांगतो, कारण पुढे तुम्ही त्याला शिव्या घालणार आहात.

त्यांनी एकूण त्रेचाळीस अर्ज केले. माहिती अधिकारात विचारलं. महापालिकेच्या दारात उन्हात बसले. अखेर त्यांच्या चिकाटीपुढे महापालिकेने हात टेकले आणि सुधारणेचा पुढचा टप्पा जाहीर केला. लोकसहभाग. उद्यान स्थानिक नागरिकांच्या समितीकडे सोपवायचं, लोकार्पणही नागरिकांनीच करायचं. समितीचे अध्यक्ष म्हणून हरिहर सोहोनी यांच्या हाती अकरा किल्ल्यांचा जुडगा देण्यात आला.

पहिल्या दिवशी त्यांनी अकराही दरवाजे उघडले. सगळा परिसर लोटला. हेमाताई पस्तीस मिनिटं चालल्या. गोदूबाईची नातवंडं झोक्यावरून उतरेनात. हरिहरराव बाकावर बसून बघत राहिले. आयुष्यात इतकं समाधान त्यांना कधी मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना हिरवळीवर वडापावचा कागद दिसला. तिसऱ्या दिवशी गोदूबाईने कठड्यावर गोधडी वाळत घातली. चौथ्या दिवशी झोक्याची साखळी करकरली. पाचव्या दिवशी कमलेश आला आणि त्याने समितीच्या कामगिरीचा तक्ता समजावला. नागरिकांच्या समितीला निधी मिळतो तो देखभालीवर जितका खर्च वाचेल तितका. जिथे झीज शून्य, ते शहरातलं पहिल्या क्रमांकाचं उद्यान.

"काका, तुम्ही पहिले येऊ शकता," कमलेश म्हणाला. "फक्त लोक आवरा."

हरिहरराव निवृत्त झाल्यापासून कुठेच पहिले आले नव्हते. त्यांनी नियमांचा फलक रंगवून घेतला. चेंडू आणू नये. खाऊ नये. बारा वर्षांवरील मुलांनी झोक्यावर बसू नये, बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या लेखी हमीशिवाय बसू नये. गोधडी आणू नये. तरुण-तरुणींनी एका बाकावर बसू नये. बाहेरच्यांनी येऊ नये. गोदूबाई बाहेरची ठरली. तिचं घर मागच्या गावठाणात, म्हणजे सव्वाशे पावलांवर; तिच्या सासऱ्याची शेती होती, तिथेच हे उद्यान उभं राहिलं होतं. ती फलकापुढे बराच वेळ उभी राहिली. मग नातवंडांचे हात धरून निघून गेली.

सतरावा नियम असा होता: काठी टेकू नये, रबरी पट्ट्याला भोकं पडतात.

"अहो, मग मी कशी चालू?" हेमाताईंनी विचारलं.

"हेमा, नियम सगळ्यांना सारखा. अध्यक्षाच्या बायकोलाच सूट दिली, तर लोक तोंडात शेण घालतील."

"डॉक्टरांनी काठीशिवाय चालायचं नाही म्हटलंय."

"मग अर्ज कर. समितीपुढे ठेवतो."

हेमाताईंनी डायनिंग टेबलावर बसून अर्ज लिहिला. हरिहररावांनी चष्मा लावून वाचला, एक वेलांटी दुरुस्त केली, वर 'आवक क्रमांक १' टाकला आणि पाठीमागच्या खिळ्याला अडकवला. मग अकरा दरवाजे नीट बंद आहेत ना, ते बघायला गेले. रोज पहाटे ते एकटेच आत फेरी मारतात, हिरवळ कुठे दबली आहे का पाहतात. उद्यान शहरात पहिलं आलं. हेमाताई हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत चालतात. आता पाय वळत नाही, ओढावा लागतो. अर्ज विचाराधीन आहे.

झालं हसून? मग आता एक सांगा. तुमच्या सोसायटीच्या गच्चीची किल्ली कोणाकडे असते? आणि तुमच्याच घरात असेल, तर ती मागायला शेवटचं कोण आलं होतं, आणि तुम्ही त्याला काय सांगितलंत?