मंजूर अर्जाबरहुकूम

लिफ्टवाला या शहरात आला तो तात्पुरता आला, आणि सहा वर्षं तो अगदी मनापासून तात्पुरता राहिला. परदेशातून कामाला आलेल्या माणसाची सरकारदरबारी तशीच नोंद होते. तेवढ्या काळात त्याने निम्म्या शहराच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, भाड्याच्या घराचे पडदे दोनदा बदलले, आणि त्याची सात वर्षांची मुलगी ठकी इथल्या शाळेत जाऊन आईबापांचे उच्चार सुधारायला लागली. एवढं सगळं झाल्यावर त्याच्या मनात आलं, की आपण आता कायमचं व्हावं. भल्याभल्यांच्या मनात असे विचार येतात. सरकारने त्यासाठी 'स्थितीबदल अर्ज' नावाची सोय करून ठेवलेली आहे.

हा अर्ज त्याने स्वतः भरला. वाचता येतं, लिहिता येतं, लपवण्यासारखं काही नाही, मग घाबरायचं कशाला, असा त्याचा भाबडा हिशेब. उत्तर आलं: "नामंजूर. कारण, दिलेली माहिती नेहमीची नाही. अर्जदाराने स्थानिक मदत घ्यावी. ही शेवटची संधी आहे." शेवटची म्हणजे शेवटचीच. ती हुकली की तिघांनी सामान बांधायचं आणि निघायचं.

"मी कधीची म्हणतेय, अर्जकाकांकडे जा," बायको म्हणाली. "पण तुम्हाला वाटतं, जग मूर्ख आणि आपण तेवढे शहाणे."

अर्जकाका झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत बसायचे. खोलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या. त्यातली डुगडुगणारी खुर्ची अर्जदाराची. काकांनी नामंजूर अर्ज हातात घेतला आणि न वाचताच बाजूला ठेवला.

"स्वतः भरलात?" त्यांनी विचारलं. डॉक्टर 'दात स्वतःच उपटलात का' असं विचारतील, त्या सुरात.

"हो. सगळं खरं खरं लिहिलं."

"तिथेच घोडं अडलं. अर्ज भरायचा नसतो. उतरवायचा असतो."

काकांनी खणातून प्लास्टिकमध्ये घातलेला एक जुना अर्ज काढला. तो एका लाँड्रीवाल्याचा होता. बऱ्याच वर्षांपूर्वी, एकही प्रश्न न विचारला जाता, पहिल्या फटक्यात मंजूर झालेला. तेव्हापासून काकांकडे जो कोणी आला त्याला त्यांनी हाच अर्ज उतरवून दिला होता, आणि आजवर त्यातला एकही परत आलेला नव्हता. नाव, फोटो आणि जन्मतारीख मात्र प्रत्येकाने आपापली घालायची. तेवढं स्वातंत्र्य आहे, असं काका अभिमानाने सांगत.

"धंदा, लाँड्री," काका लिहायला लागले.

"काका, मी लिफ्ट दुरुस्त करतो. मला इस्त्री धरतासुद्धा येत नाही."

"अर्जाला कुठे सुरकुत्या आहेत? छंद, बागकाम."

"आमच्या घराला साधी बाल्कनी नाही."

"म्हणून तर छंद. बाल्कनी असती तर काम झालं असतं. खूण, डाव्या गुडघ्यावर टाक्यांचा व्रण."

"माझा गुडघा धड आहे हो."

काकांनी त्याच्या गुडघ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. "तुमचं काम उंचावरचं. होईल. अपत्यं, दोन मुलगे."

"नाही. एक मुलगी."

काकांनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं. "ही मात्र अडचण आहे. एका मुलीचा अर्ज मंजूर झालेला माझ्या पाहण्यात नाही."

"आणि नामंजूर झालेला?"

"तोही नाही. कोणी भरलाच नाही ना. एवढी जोखीम कोण घेणार?"

लिफ्टवाल्याने बराच वेळ डुगडुगणाऱ्या खुर्चीत स्वतःला सावरलं. शेवटची संधी होती. तिघांचं परत जाणं विरुद्ध एका रकान्यातले दोन शब्द. मुलगी तर घरात आहेच, ती काय रकान्यात राहते थोडीच, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि सही केली.

सही झाली की घरतपासणी. लिफ्टवाला राहायचा त्या इमारतीतल्या बहुतेकांचे अर्ज काकांनीच उतरवलेले, त्यामुळे तिथे मजल्यामजल्यावर लाँड्रीवाले राहत होते आणि एकाच्याही अंगावर इस्त्रीचे कपडे नव्हते. तळमजल्यावरच्या पाववाल्या बाईंना मात्र खरोखरच दोन मुलगे होते. त्यांचा अर्ज करताना काका जरा बिचकलेच होते म्हणे. तेच दोघे सगळ्या इमारतीला मुलगे म्हणून पुरायचे. तपासनीस जिन्याने वर चढायचे, मुलगे आणि इस्त्रीचं टेबल लिफ्टने. तपासणीच्या आदल्या दिवशी लिफ्ट नीट चालतेय ना, हे लिफ्टवाल्याने जातीने पाहिलं.

त्या दिवशी इमारतीतल्या चार घरांची तपासणी होती. तपासनीसांच्या हातातही एक जुना मंजूर अहवाल होता. आधी ते अहवालात बघायचे आणि मग घरात. अहवालात लिहिलं होतं, 'मुलं दूध पीत होती.' त्यामुळे पोरांनी पहिल्या मजल्यावर दूध प्यायलं, दुसऱ्यावर प्यायलं, तिसऱ्यावर प्यायलं. चौथ्या मजल्यावर लिफ्टवाल्याच्या घरी पोचेपर्यंत धाकट्याच्या तोंडून शब्द फुटेना. तपासनीसांनी लिहिलं, 'धाकटा शांत स्वभावाचा.'

ठकीला शेजारी बसवून ठेवलं होतं. पण शेजारीण जरा आत गेली, आणि ही बया सरळ घरात.

"बाबा, हे दोघं माझ्या कपातून दूध का पितायत?"

तपासनीसांचं पेन थांबलं. "ही कोण?"

लिफ्टवाल्याने तोंड उघडलं. सांगायचा शब्द अगदी साधा होता आणि तो अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात, तपासणीला आवर्जून हजर असलेले काका म्हणाले, "पाहुणी."

"बाबा म्हणाली."

"यांना सगळेच बाबा म्हणतात. देवमाणूस आहे."

तपासनीसांनी 'पाहुणी' असं लिहून घेतलं. लिफ्टवाला भिंतीकडे बघत राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून वाईट म्हणजे, थोडं हायसंही वाटलं.

मंजुरी आली. लाँड्रीचालक, पत्नी आणि दोन मुलगे, असं चौघांचं कुटुंब कायमचं झालं. सोबत पाहुणीच्या नावाने वेगळा लिफाफा होता. पाहुण्यांना एक महिना राहता येतं, त्यानंतर त्यांनी कृपया स्वतःच्या घरी जावं, अशी विनंती त्यात केली होती. विनंती न मानल्यास पोचवण्याची व्यवस्था सरकार करणार होतं.

लिफ्टवाला तडक कचेरीत गेला.

"ती माझी मुलगी आहे हो," तो खिडकीवरच्या बाईंना म्हणाला.

"तुम्हाला मुलगी नाही," बाई समजुतीने म्हणाल्या. "दोन मुलगे आहेत. त्यातला एक शांत स्वभावाचा आहे."

"ते मी खोटं लिहिलं होतं."

"असं कसं होईल? खोटं असतं तर मंजूर झालं नसतं."

"मग मी आता खरं लिहून देतो."

"द्या ना. म्हणजे तुमचं चौघांचं रद्द होईल आणि पाहुणी धरून सगळ्यांनाच जावं लागेल. पण तुमच्या त्या दोन मुलांना पाठवायचं कुठे, याचा विचार केलात का? बाप आहात तुम्ही."

रांगेत त्याच्यामागे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांनी लिफ्टवाल्याला हळूच विचारलं, "तुमचा छंद बागकाम का?"

"हो. म्हणजे, अर्जात."

"तो अर्ज माझा. मीच तो लाँड्रीवाला." प्लास्टिकमधला मूळपुरुष असा हाडामांसाचा समोर बघून लिफ्टवाल्याला पाया पडावं की गचांडी धरावी, ते कळेना. म्हातारेबुवांच्या कायमपणाची मुदत नव्याने वाढवायची होती. लाँड्री बंद झाली, गुडघाही नवा बसवला, असं सगळं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, आणि 'माहिती नेहमीची नाही' म्हणून अर्ज परत आला होता. आता ते काकांकडे जाऊन स्वतःचाच अर्ज उतरवून घेणार होते.

"तुमचे दोन मुलगे कुठे असतात?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"मुलगे कुठले? मीही कोणाचा तरी उतरवलाच होता की. मला मुलगीच." "येते हो अधूनमधून. नियमाप्रमाणे महिनाभर राहते. गुणी आहे, जाताना घर आवरून जाते."

लिफ्टवाला तिथून निघाला तो धावतच काकांकडे पोचला.

"घाबरू नका," काका म्हणाले. "पाहुण्यांचाही स्थितीबदल करता येतो. माझ्याकडे त्यातला एक मंजूर आहे." त्यांनी दुसरं प्लास्टिक काढलं. "अर्जदारावर अवलंबून असलेली आत्या. वय सत्तर. विधवा. दात नाहीत."

"काका, ठकी सात वर्षांची आहे."

"ते जन्मतारखेत येईलच की. वयाचा रकाना वेगळा आहे, तिथे सत्तर. दोन्ही रकाने एकाच माणसाकडे जात नाहीत. आणि पुढचे दात पडलेत ना तिचे?"

"दोन पडलेत."

"मग झालं तर."

"आणि नवरा?"

"पहिल्याच पानावर वारले."

घरात सराव सुरू झाला. अर्जात 'आदरणीय आत्या' असा उल्लेख होता, म्हणून बापाने मुलीला अहोजाहो करायचं ठरलं. "आत्या, बसा. आत्या, दूध घेता का?" पहिले दोन दिवस बायको हसून हसून बेजार झाली. तिसऱ्या दिवशी ती हसता हसता स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. ठकीला मात्र हा खेळ भलताच आवडला. ती बापाला "अरे, पाणी आण" म्हणायची, कमरेवर हात ठेवून वाकून चालायची, आणि आमच्या वेळी असं नव्हतं, असं कशाबद्दलही सांगायची.

तपासनीस येऊन गेले. 'आत्याबाई वयाच्या मानाने चपळ आहेत,' असं लिहून त्यांनी मंजुरी दिली. काकांनी लिफ्टवाल्याची पाठ थोपटली. सगळं कसं कायदेशीर झालं होतं.

मग शाळेने कळवलं, की सत्तर वर्षांच्या बाईंची शिकण्याची हौस कौतुकास्पद असली तरी त्यांना दुसरीच्या वर्गात बसवता येणार नाही. लिफ्टवाल्याने मुख्याध्यापकांपुढे हात जोडले. त्यांनी मंजुरी दाखवली. वर, अर्ज तुमच्याच सहीचा आहे, म्हणाले. ठकी घरी बसली. दुपारी ती खिडकीतून मैत्रिणींना शाळेतून येताना बघायची. मैत्रिणींच्या आयांनी त्यांना बजावलं होतं, की म्हाताऱ्या माणसांना त्रास देऊ नये.

एका संध्याकाळी ती जिन्यात पडली. चांगलीच पडली. गुडघा फुटला, रक्त आलं. लिफ्टवाला दोनदोन पायऱ्या उतरत धावला. ठकीचं भोकाड आता फुटणार एवढ्यात तिला वरच्या पायरीवर उभी असलेली इमारतीतली चार माणसं दिसली. तिने रडू गिळलं.

"काही नाही रे," ती बापाला म्हणाली. "वय झालं आता."

लिफ्टवाल्याने तिला उचलून कडेवर घेतलं नाही. सत्तर वर्षांच्या आत्याला कोणी कडेवर घेत नाही, आणि माणसं बघत होती. त्याने हात पुढे केला. तो धरून ती एकेक पायरी बेताबेताने चढत वर गेली.

ही गोष्ट मी आजवर बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे. लोक पोट धरून हसतात, व्यवस्थेला शिव्या घालतात, डोळेही पुसतात. पण त्या मुलीला पुन्हा शाळेत जाता आलं का, असं अजून एकानेही विचारलेलं नाही. उठताना कोणी ना कोणी मला बाजूला घेतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "ते अर्जकाका नेमके बसतात कुठे?"

तेव्हा तुमचा संकोच मीच वाचवतो. झेरॉक्सच्या दुकानामागची खोली, दुपारी चारनंतर. मुलगी असेल तर तसं आधीच सांगा. ऐन वेळी कळलं की त्यांची पंचाईत होते.