डोहावरची हवा

आमच्या गावात बिनकामाचा नदीवर जाणारा माणूस एकच होता, लटारीभाऊ शिंपी. वैनगंगा गावाला खेटूनच. पण धुणं, गुरं, मासे नाहीतर मयत असल्याशिवाय तिकडे कोणी पाऊल टाकत नसे. लटारीभाऊ मात्र भर उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, मशीन झाकून ठेवायचा, मासे धरणाऱ्या ढिवरांचा एक जुना डोंगा मागून घ्यायचा आणि डोहाच्या मधोमध नुसता बसून राहायचा. ना जाळं, ना गळ.

"काऊन जाता भाऊ?" असं कोणी विचारलं की म्हणायचा, "हवा खाले."

"गावात हवा नाई का?"

"हाये ना. पन उष्टी हाये."

बायको वारलेली, पोरबाळ नाही, म्हणून लोक हसून सोडून देत. मला सोडता येईना. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, आणि पहिला कोटही माझाच. माझं लग्न चार दिवसांवर आलं तरी लटारीभाऊकडे शिवायला टाकलेल्या कोटाला बाही एकच! तणतणत डोहावर गेलो. त्यानं डोंगा काठाशी आणला, मला आत घेतलं आणि परत मधोमध नेला.

"दुसरी बाही कधी लावता?"

"लावतो ना मास्तर. एका बाहीनं लगन अडते का?"

मी भांडणार, तेवढ्यात काठावर दोन माणसं आली. सडकेच्या ठेकेदाराकडची, खडक फोडणारी. एकाच्या बगलेत फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"ए लटारी, हट तिथून! एखाद्या दिवशी तुह्या डोक्यावरच फेकीन!"

"हवा खाऊन राह्यलो बाप्पा. बसा, तुमीबी खा."

शिव्या देत ते सावलीला टेकले, बिड्या ओढल्या आणि निघून गेले. मग लटारीभाऊ हळू आवाजात बोलला.

"सुरुंग होता. उन्हाळ्यात नदी आटते, सारे मासे या डोहात येतेत. पाऊस पडला का वर जाऊन अंडे घालतेत. एक सुरुंग फुटला का लहानमोठे समदे पांढरे पोट करून वर. हे टोपलीभर नेतेत, गाडाभर सडते. मानूस बसला असन तं फेकत नाई."

"जंगलच्या नाकेदाराला सांगायचं!"

"सांगतलं. तो म्हणे, झाडं माह्याकडं, पानी नाई."

"मग मी अर्ज लिहितो. वरपर्यंत."

"लिहा ना. तुमी शिकले हा. पन अर्ज पोचेवरी इथी कोन बसन?"

मी म्हटलं, "मी बसतो. तुम्ही जाऊन बाही लावा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. इतक्या उन्हाळ्यांत असं त्याला कोणी म्हटलं नसावं.

काठाशी उतरताना त्यानं माझा खांदा इतका घट्ट धरला की बोटं रुतली. पाणी गुडघ्याइतकंच होतं.

"एवढं काय घाबरता, भाऊ?"

"घाबरू नाई तं काय," वाळूत पाय टेकत तो म्हणाला. "मले पोहता कुठी येते?"

मी वल्हं उचललं आणि डोंगा मधोमध नेला.