खसखशीचा गुन्हा

व्हर्ना हुडाक यांच्या लघवीत अफू सापडली, तेव्हा त्या चर्चच्या स्वयंपाकघरातून थेट सरकारी कचेरीत आल्या होत्या आणि त्यांच्या हनुवटीला खसखस चिकटलेली होती. कचेरीत ती कुणालाच दिसली नाही. डोळ्यांसमोरचं बघायचं नाही आणि लघवीच्या कपातलं शोधायचं, याला काय म्हणावं!

त्याचं असं झालं. अमेरिकेतल्या मिलर्स फोर्क गावचा पोलाद कारखाना बंद पडला, व्हर्नाबाईंची लेक परागंदा झाली आणि सहा वर्षांची नात तेसा आजीच्या पदरी आली. तिच्यासाठी सरकारी मदत मिळे. यंदा नवा नियम निघाला: मदत हवी, तर आधी लघवी तपासून घ्या. नशेचा अंश सापडला तर मदत बंद, वर तेसाला या घरात ठेवायचं की नाही याची चौकशी.

आणि नेमका ईस्टरचा आठवडा! या आठवड्यात गावातल्या स्लोवाक बायका चर्चसाठी शेकडो मकोव्निक भाजतात, म्हणजे खसखशीचं सारण भरून गुंडाळलेला गोड पाव. प्रत्येक पातेल्यातलं सारण चाखायचा मान वीस वर्षं व्हर्नाबाईंचा. त्या दिवशी त्यांनी अकरा पातेली चाखली होती.

कारकून डर्विन शेजारच्याच गल्लीतला. त्याने मान खाली घालून निकाल वाचला.

"अरे, खसखस आहे ती, अफूच्याच बोंडातली," व्हर्नाबाई म्हणाल्या.

"काकू, इथे येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगतोच."

व्हर्नाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फेरतपासणी दोन दिवसांनी होती. बातमी गावभर झाली आणि चर्चच्या बायका धीर द्यायला घरी आल्या. रिकाम्या हाताने कशा येणार? प्रत्येकीच्या हातात एकेक मकोव्निक. नको म्हणावं तर अपमान, म्हणून व्हर्नाबाईंनी सगळ्यांचं मन राखलं. दुसऱ्या तपासणीत अफू पहिल्याहून जास्त निघाली.

मग प्रकरण सुनावणीला गेलं. समोर तीन सदस्य, मध्ये अध्यक्ष प्रेस्कॉट. सुनावणी सकाळची, ती रेंगाळत दुपारवर गेली आणि साहेबांची पोटं खपाटीला गेली. व्हर्नाबाईंनी पिशवीतून मकोव्निक काढून कापला. बाकीच्या दोन्ही सदस्यांनी दोन-दोन तुकडे घेतले, प्रेस्कॉट साहेबांनी चार. बोटंसुद्धा चाटली.

शेवटचा तुकडा संपल्यावर व्हर्नाबाईंनी पिशवीतून तीन कप काढले. झाकणबंद, डर्विनकडून मागून आणलेले.

"आता दोन तास थांबू या," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही तिघांनी हे भरून द्यायचे. तुमचा पगारही लोकांच्या करातूनच येतो ना?"

प्रेस्कॉट साहेब लालबुंद झाले. "बाई, मी या जिल्ह्यातला प्रतिष्ठित माणूस आहे. माझ्यावर संशय घ्यायला काही कारण तर हवं!"

"बरोबर बोललात. हेच माझ्या कागदावर लिहा."

तिघांनी डोकी एकत्र केली, खूप कुजबुज झाली आणि शेवटी निकाल वाचला गेला. यंत्रात बिघाड होता, दोन्ही तपासण्या रद्द, मदत चालू, नातीची चौकशी होणार नाही. दाराशी उभ्या डर्विनने सुटकेचा निःश्वास टाकला आणि काकूंचा कोट हातात घेतला.

काकू मात्र खुर्चीतून हलल्या नाहीत.

"यंत्राला काय धाड भरली आहे? त्याने खरं तेच सांगितलं. बिघाड खोडा, आणि साहेब आत्ता जे बोलले ते लिहा: संशय घ्यायला कारण हवं."

"काकू, मदत मिळाली ना," डर्विन कळवळून म्हणाला. "चला आता."

"मला मिळाली रे. पण बाहेर बाकावर अजून नऊ जणं कप धरून बसलेत."

त्यांनी कोट परत खुर्चीवर टाकला आणि तिन्ही कप साहेबांपुढे आणखी जरा सरकवले. दोन तास भरत आले आणि चार वाजून गेल्यावर प्रेस्कॉट साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.