सरोजाक्कांची चादरींची खोली

सरोजाक्कांना कुणा नर्सवर रागवायचं असलं की त्या तिला चादरींच्या खोलीत नेतात आणि दार लावून घेतात. आत काय होतं ते कुणी सांगत नाही. दहा मिनिटांनी नर्स डोळे पुसत बाहेर येते आणि कामाला लागते. मागून अक्का येतात, हातात घड्या केलेल्या चार-सहा चादरी घेऊन. रागवताना हात रिकामे ठेवणं त्यांना जमत नाही.

हेब्बाळच्या आमच्या हॉस्पिटलात तिसरा मजला त्यांचा, दुसरा माझा. दोघीही इनचार्ज. मी पुण्याची, लीडरशिपची तीन सर्टिफिकेटं आणि ड्युट्या लावायला रंगीत एक्सेल शीट. अक्का निपाणीच्या, ड्युट्या वहीत, पेन्सिलीनं. सुट्टी मागितली की कानडी मिसळून एकच उत्तर, "स्वल्प थांब, बघूया की." आणि खरंच बघायच्या. कुणाच्या आईचं ऑपरेशन आहे, कुणाचं बाळ रांगायला लागलंय, सगळं पाठ. माझ्याकडच्या मुली राजीनामे द्यायच्या, नाहीतर त्यांच्या मजल्यावर बदली मागायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यात जीनाचं प्रकरण झालं. केरळची नवी नर्स, माझ्याच वॉर्डातली. एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला द्यायला निघाली होती. पेशंटच्या हातावरची नावाची पट्टी वाचून ऐनवेळी थांबली. मी तिला अख्ख्या वॉर्डसमोर झापलं. आठवड्याभरात तीही अक्कांच्या मजल्यावर गेली.

तिथे तिच्या हातून सलाइनचा वेग चुकला. पेशंटला काही झालं नाही, पण अक्का तिला त्या खोलीत घेऊन गेल्या. मी नेमकी एका सहीसाठी वर आले होते. फाइल छातीशी धरली आणि दाराला कान लावला. अक्कांची युक्ती एकदा कळू दे, म्हटलं.

युक्ती वगैरे काही नव्हती. अक्का मोडक्यातोडक्या हिंदीत विचारत होत्या, तेव्हा किती पेशंट होते तुझ्याकडे, मध्ये कुणी हाक मारली. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. नवीन असताना एका चुकीबद्दल त्यांनाही सगळ्यांसमोर बोलणी बसली होती. त्यानंतर कितीतरी दिवस त्या चुका लपवत राहिल्या, आणि आता ते आठवलं की भीती वाटते. काही चुकलं तर आधी मला येऊन सांग, म्हणाल्या. रिपोर्ट लिही, खाली माझीही सही होईल; नव्या मुलीला इतके पेशंट मीच दिले होते.

मी सही न घेताच खाली आले.

पुढे नर्सिंग सुपरिंटेंडंटची जागा निघाली. मुलाखती आम्हा दोघींच्या झाल्या, निवड अक्कांची. त्यांनी नको म्हणून कळवलं आणि जागा मला मिळाली. ऑर्डर हातात होती आणि मला आनंदच होईना. मी तरातरा वर गेले. माझ्यावर उपकार केलेत का, असं विचारलं.

अक्का पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, "तुझा काय संबंध, मेघा? आमचे हे गेल्यापासून घरात सकाळी-रात्री एकटीच जेवते मी. दुपारी या पोरींत बसते, तेवढेच चार घास गोड लागतात. तिथं केबिनमध्ये दार लावून परत एकटीनंच जेवू?"



केबिनमधल्या पहिल्या दिवशी मी दुपारी डबा उघडला. एसी छान होता. दोन घास खाल्ले तोच फोन वाजला. अक्का विचारत होत्या, "जेवलीस काय गं? ये की वर."

मीटिंग आहे, असं मी सांगितलं. मीटिंग नव्हती.  मग डबा बंद केला आणि जिन्यानं वर निघाले, लिफ्टमध्ये कुणी बघितलं असतं म्हणून.